ही परीक्षा नाही: वजनाच्या शस्त्रक्रियेआधीची मानसिक तपासणी

मी इंदूरची, शाळेत गणित शिकवते. वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेआधी मानसतज्ज्ञांना भेटावं लागेल, असं सर्जन म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, "सर, मी वेडी नाहीये हो!" ही भीती पुष्कळांना असते, म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

तेव्हा माझं वजन 104 किलो, उंची 158 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय 41 च्या पुढे. वर मधुमेह. मला 'स्लीव्ह' सुचवली होती. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून कायमचा काढून टाकतात. तो परत जोडता येत नाही. म्हणून आधी विचारपूस करतात.

तपासणी म्हणजे गप्पा आणि काही प्रश्नावल्या. वजन कधीपासून वाढलं, डाएट किती वेळा केलं, दारू-तंबाखू आहे का, झोप कशी लागते, घरी सांभाळणारं कोण आणि शस्त्रक्रियेनंतर आयुष्यात नेमकं काय बदलेल असं वाटतं, हे सगळं विचारतात. पीएचक्यू-9 नावाच्या कागदावर नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत मन कसं होतं, याला प्रत्येकी 0 ते 3 गुण.

मी पडले शिक्षिका. कागद दिसला की मला मार्क दिसतात. नापास झाले तर ऑपरेशन होणार नाही, या धास्तीनं सगळीकडे शून्य भरलं. "रात्री उठून खाता का?" "नाही, मॅडम."

खरं वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून घर झोपलं की मी ओट्याशी उभी राहून शेव खायची. पोट भरलं तरी हात थांबायचा नाही. सकाळी कुणाला कळू नये म्हणून नवीन पाकीट फोडून डबा भरून ठेवायची.

मॅडमनी फॉर्म चाळला, मिस्टरांना बाहेर बसायला सांगितलं आणि हळूच विचारलं, "वडील गेले असं लिहिलंय तुम्ही. उदास वाटण्यापुढे मात्र शून्य?" मला रडू आवरेना. मग सगळं सांगितलं.

शस्त्रक्रिया नाकारली नाही, पण तीन महिने पुढे गेली. दर आठवड्याला समुपदेशन, आणि काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं, याची वही. मिस्टर वैतागले, "खरं सांगायची काय गरज होती?" तेव्हा मलाही तसंच वाटलं.

उत्तर नंतर मिळालं. जठर लहान झालं तरी दुःख तेवढंच राहतं. सुरुवातीचे काही आठवडे फक्त पातळ आणि मऊ अन्न असतं, म्हणजे खाण्याचा आधार एकदम सुटतो. पुढे ताट भरून जेवता आलं नाही तरी दिवसभर चिमूट-चिमूट शेव खाता येते, आणि वजन परत चढतं.

आणखी दोन गोष्टी लपवू नका. मनाच्या आजारावरची औषधं चालू असतील तर सांगा. शस्त्रक्रियेनंतर काही औषधांचं शोषण बदलतं, डोस तपासावा लागतो. दारू घेत असाल तर तेही सांगा. विशेषतः बायपासनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसनाचा धोका वाढतो. आत्महत्येचे विचार, आटोक्यात नसलेला गंभीर मानसिक आजार किंवा व्यसन असेल, तर आधी उपचार करतात. बाकी बहुतेकांना पुढे जाता येतं.

आज माझं वजन 73 किलो आहे. बाबांची तिथी जवळ आली की अजूनही रात्री ओट्याकडे पाय वळतात. आता मी मिस्टरांना उठवते. तेही उठतात, कुरकुर न करता.

तेव्हा मंडळी, त्या खोलीत कुणी पास-नापास करत नाही. खरं आहे ते सांगा. भेटू पुढच्या भागात.