कव्हर अल्बमवरची मतं: श्रोता नेमकी कशाशी तुलना करतोय?

पीएचडीसाठी विषय शोधताना ‘लोकांची मतं’ हा सगळ्यात सोपा डेटा वाटतो. मतं हजारोंनी मिळतात, प्रयोगशाळा लागत नाही, केमिकल संपत नाही. मग आपण ती गोळा करतो, ‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ असे दोन ढीग करतो, टक्केवारी काढतो, पाय चार्ट टाकतो. आणि सादरीकरणात कुणीतरी विचारतं, हे मत नेमकं कशाबद्दल आहे? तिथे गाडी अडते.

हा प्रश्न किती अवघड आहे ते एका उदाहरणावरून बघू. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा रॉकस्टार. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारा, हीच त्याची ओळख. 11 नोव्हेंबर 2022 ला, वयाच्या 73व्या वर्षी, त्याने ‘ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह’ नावाचा अल्बम आणला. त्यात 15 गाणी आहेत आणि एकही त्याने लिहिलेलं नाही. सगळी सोल आणि आर अँड बी परंपरेतली कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी त्याच्या आवाजात. बरीचशी साठच्या दशकातली, आणि त्यातली अनेक डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीची.

या अल्बमवरच्या मतांचा रोख साधारण तीन प्रकारचा आहे. काहींना त्याचा आवाज या वयात इतका मोकळा लागलाय याचंच कौतुक. काहींची तक्रार अशी की वाद्यमेळ मूळ गाण्यांना इतका चिकटून आहे की कराओके ऐकल्यासारखं वाटतं. आणि काहींचं म्हणणं, एवढा मोठा गीतकार दुसऱ्यांची गाणी कशाला गातोय?

आता बघा, पहिला श्रोता स्प्रिंगस्टीनची तुलना जुन्या स्प्रिंगस्टीनशी करतोय. दुसरा मूळ गाण्याशी. तिसरा तर जो अल्बम आलाच नाही त्याच्याशी! तिघांनीही पाचपैकी तीन तारे दिले, तर तुमच्या एक्सेल शीटमध्ये तीन सारखे आकडे दिसतील. प्रत्यक्षात ती तीन वेगवेगळी मोजमापं आहेत. विज्ञानवाल्यांना सांगायचं तर, प्रत्येकाने बीकर वेगळ्या शून्यावर ठेवून वजन घेतलंय, आणि आपण त्याची सरासरी काढतोय.

बरं, ‘मूळ गाणं’ हे तरी पक्कं आहे का? मला या विषयातला सगळ्यात मजेशीर भाग हाच वाटतो. अल्बममधलं ‘द सन एंट गॉना शाइन एनीमोर’ घ्या. ते पहिल्यांदा 1965 मध्ये फ्रँकी व्हॅलीने गायलं. पण ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते वॉकर ब्रदर्सचं 1966 चं रूप, आणि बहुतेकांच्या कानात तेच बसलंय. ‘समडे वुई विल बी टुगेदर’ सगळे सुप्रीम्सचं मानतात, 1969 चं. पण ते स्वतःच एक कव्हर आहे. जॉनी अँड जॅकी या जोडीने ते 1961 मध्येच गायलं होतं. म्हणजे इतिहासातलं मूळ वेगळं आणि श्रोत्याच्या कानातलं मूळ वेगळं. मतांचा अभ्यास करताना आपल्या कामाचं असतं ते दुसरं. तेच कुठे नोंदलेलं नसतं.

उलट टोकाला फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू’. 1965 ची ती तबकडी बाजारात नीट आलीच नाही, जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट झाल्या, उरल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे इंग्लंडच्या ‘नॉर्दर्न सोल’ नाचघरांतल्या मंडळींनी ते गाणं डोक्यावर घेतलं. पण त्या वर्तुळाबाहेरच्या कितीतरी श्रोत्यांसाठी स्प्रिंगस्टीनचं रूप हेच पहिलं रूप.

म्हणजे एकाच गायकाच्या एकाच अल्बममध्ये जगप्रसिद्ध गाणीही आहेत आणि दुर्मीळही. ‘मूळ गाण्याची ओळख असली की कव्हर कमी आवडतं’ असं गृहीतक तपासायला हा आयता मसाला आहे. फक्त लगेच उड्या मारू नका. प्रसिद्ध आणि दुर्मीळ गाण्यांत ओळखीशिवायही फरक असतो: लय, चाल, अल्बममधली जागा. म्हणून दोन गाण्यांची तुलना पुरेशी नाही. एकाच गाण्यावर, मूळ ऐकलेले आणि न ऐकलेले असे दोन गट हवेत.

ओळखीचा परिणाम खरंच होतो का? 1968 मध्ये रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. पन्नास वर्षं एकच रूप ऐकलेल्या माणसाला नवं रूप ‘चुकीचं’ वाटणं त्यात बसतं. आणि दुसऱ्यांच्या मताचाही परिणाम होतो. सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांच्या 2006 च्या प्रयोगात 14 हजारांहून जास्त लोकांना 48 अनोळखी गाणी दिली होती. आधीच्यांनी किती वेळा गाणं उतरवून घेतलं हे ज्यांना दिसत होतं, त्यांच्यात लोकप्रियतेची दरी वाढली आणि कुठलं गाणं वर जाईल हे सांगणंही कठीण झालं. तेव्हा तारे आधी बघून मग लिहिलेलं मत स्वतंत्र निरीक्षण म्हणून मोजू नका. शिवाय मत लिहायला येतात ते मुख्यतः एकतर कट्टर चाहते किंवा वैतागलेले. मधले लोक ऐकतात आणि गप्प बसतात.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एवढं करून बघा. फक्त 30 मतं घ्या. प्रत्येकासमोर रेटिंगच्या आधी एक रकाना ठेवा: तुलना कशाशी? त्यात चार पर्याय पुरेत: गायकाचं जुनं काम, मूळ गाणं, अपेक्षित पण न आलेलं काम, किंवा कळत नाही. (शेवटचा रकाना बराच भरेल, ठेवाच.) मग तीच 30 मतं मित्राला द्या, तुमची उत्तरं न दाखवता, आणि दोघांचा मेळ कोहेनच्या कॅपाने तपासा. मित्र शक्यतो असा निवडा ज्याने ही जुनी गाणी तुमच्याइतकी ऐकलेली नाहीत. आपल्याकडे असा मित्र शोधावा लागणार नाही. मेळ कमी आला तर आधी पर्यायांच्या व्याख्या दुरुस्त करा, तीन हजार मतं नंतर.