हाकेला ओ देणारा कुत्रा

कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीन शब्द पुरत आले आहेत. अंगावर सोडायचे तर ‘छू’, जवळ बोलवायचे तर ‘यू यू’, आणि घालवून द्यायचे तर ‘हाड’. यांतला तिसरा शब्द बिचाऱ्याच्या कानी सर्वांत जास्त पडतो आणि तो त्याला पक्का समजतोही. ‘यू यू’चे मात्र तसे नाही. हातात भाकरीचा तुकडा दिसला तर स्वारी येते; नाही तर मान वळवून बघते, शेपूट एकदा हलवते आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. असे का होते, आणि रानात मोकळा सोडलेला कुत्रा एका हाकेसरशी मागे फिरावा म्हणून काय करावे लागते, ते आज पाहू.

हा विषय हौशी लोकांचा आहे असे कोणी म्हणेल. पण आपल्या सिंधुदुर्गात तो कुत्र्याच्या जिवाचा विषय आहे. रविवारी सड्यावर, रामगड-भगवंतगडाच्या वाटेवर किंवा आंबोलीच्या जंगलात कुत्रा घेऊन भटकणारी तरुण मंडळी आता बरीच दिसतात. गळ्यातली साखळी सुटली की कुत्र्याला आनंद होतो, आणि धोकाही तिथूनच सुरू होतो. सड्यावर जांभ्याच्या चिरेखाणी आहेत. उभ्या कातलेल्या, पावसाळ्यानंतर पाण्याने भरलेल्या. आत पडलेल्या कुत्र्याला पोहता येते, पण वर चढायला पाऊल ठेवण्यापुरतीही जागा नसते. कातळावरच्या दगडांखाली फुरसे असते आणि कुत्रा तर आधी नाक घालतो, मग विचार करतो. रानडुकरांसाठी बेकायदा लावलेल्या तारेच्या फासक्या असतात, आणि खाण्याच्या वासाने ओढून घेणारे गावठी बाँबही असतात. शिवाय बिबट्या. विद्या अथ्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तेव्हा करवंदीच्या जाळीत शिरलेला कुत्रा पहिल्या हाकेला बाहेर येतो की पाचव्या, यात पुष्कळ अंतर आहे.

आता शास्त्राकडे वळू. रशियातील इव्हान पाव्हलोव्ह यांचे नाव आपण ऐकले असेल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एखाद्या आवाजामागोमाग दरवेळी अन्न मिळू लागले, की पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांना आढळले. त्याआधी १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवर व कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले होते, की ज्या कृतीचे फळ गोड ती कृती प्राणी पुन्हा करतो. फळ कडू निघाले तर ती कृती मागे पडते. झालं, आपल्या विषयाचे सारे शास्त्र या दोन गोष्टींत आले. हाक म्हणजे काय, तर काही तरी चांगले मिळणार याची वर्दी. आणि येणे म्हणजे, ज्याचे फळ नेहमी गोड निघते असे काम.

आपण करतो काय? कुत्रा शेजाऱ्याच्या कोंबड्यांमागे धावला, आपण दहा हाका मारल्या, अकराव्या हाकेला तो आला; आणि आल्याबरोबर आपण त्याच्या पाठीत काठी घातली. आपल्या मते ही शिक्षा कोंबड्यांबद्दलची. कुत्र्याच्या हिशेबी ती येण्याबद्दलची, कारण मार बसला तेव्हा तो येतच होता. पुढच्या खेपेला तो चार हात लांब उभा राहतो आणि आपण म्हणतो, ‘कुत्रो माजलो!’ खरे म्हणजे तो शहाणा झालेला असतो. तेव्हा पहिला नियम हा, की कुत्रा कितीही उशिरा आला, तोंडात कोणाची वहाण घेऊन आला, तरी आल्यावर रागवायचे नाही. राग गिळणे हे या शिक्षणातले सर्वांत अवघड काम, आणि ते कुत्र्याने नव्हे, आपण शिकायचे आहे.

दुसरी गोष्ट शब्दाची. घरात कुत्र्याचे नाव दिवसभर चाललेलेच असते. ‘मोत्या, सर’, ‘मोत्या, भुंकू नको’, ‘मोत्याने चप्पल नेली’. ज्या शब्दाचे इतके अर्थ, त्याचा कुत्र्याला अर्थच उरत नाही. वर्गात हजेरी घेताना ‘हजर’ म्हणणारी मुले मनाने कुठे असतात हे आम्हा मास्तरांना ठाऊक असते, तसेच हे. म्हणून बोलावण्यासाठी वेगळा शब्द राखून ठेवावा, एरवी तो उच्चारू नये. शिट्टी तर त्याहून बरी. माणसाच्या आवाजात भीती, चीड, घाई उतरते आणि ती कुत्र्याला कळते. शिट्टीचा आवाज रोज तोच. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७६ साली माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच स्वराची शिट्टी बनवली होती. माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचा. पण तसली शिट्टी हवीच असे नाही. वाजली की नाही हे आपल्यालाही कळलेले बरे, म्हणून साधी शिट्टी घ्यावी.

शिकवायला सुरुवात घरच्या खळ्यात करावी, जिथे दुसरे काही आकर्षण नाही. शिट्टी वाजवायची आणि लगेच खाऊ द्यायचा. कुत्रा जवळच आहे, त्याने काहीच केलेले नाही, तरी द्यायचा. दिवसातून तीन-चारदा, दरवेळी पाच-सहा वेळा, आठवडाभर एवढेच. खाऊ मात्र रोजच्या भाताहून वेगळा आणि खास हवा. आपल्या किनाऱ्यावर त्याची काय वाण? उकडलेल्या ताज्या बांगड्याचे काटे काढलेले लहान तुकडे, किंवा मीठ न लावता वाळवलेल्या बोंबलाचे तुकडे. खारवलेला सुका बांगडा नको. एवढे मीठ कुत्र्याला चांगले नव्हे.

मग पडवीतून मागील दारी, मागील दारातून माडांच्या बागेत, असे अंतर वाढवीत जावे. कुत्रा येईना तर त्याच्या मागे धावू नये. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले ती त्यांची थोरवी. आपण वाटी घेऊन उलट दिशेला पळायचे. पळणाऱ्यामागे धावणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. खाली बसावे, हसावे, टाळ्या वाजवाव्या. चारचौघांत जरा विचित्र दिसते खरे!

यानंतर दोरी. होडीला वापरतात तसली हलकी नायलॉनची दोरी, दहा-पंधरा मीटर लांब, छातीच्या पट्ट्याला बांधावी. गळपट्ट्याला बांधली तर धावत्या कुत्र्याच्या मानेला हिसका बसतो. दोरी ओढण्यासाठी नसते. शिट्टी ऐकून न ऐकल्यासारखे करण्याची आणि तरीही मजा लुटण्याची संधी कुत्र्याला मिळू नये, एवढ्यासाठीच ती असते. प्रत्येक न ऐकलेली हाक हासुद्धा एक धडाच आहे, उलटा. म्हणून कुत्रा नक्की येणार नाही असे दिसत असेल तेव्हा शिट्टी वाजवूच नये. मुकाट्याने दोरी धरत जवळ जावे. कोंबड्या, बकऱ्या, पुळणीवरच्या कुर्ल्या यांच्या देखत, आधी लांबून, मग जवळून, दोरीवर असताना कुत्रा सतत येऊ लागला म्हणजे मगच दोरी सोडण्याचा विचार करावा. याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

एक गोष्ट फार थोडे लोक पाळतात. फिरताना आपण कुत्र्याला एकदाच बोलावतो. घरी निघायचे असते तेव्हा. तो आला की साखळी अडकवतो. म्हणजे शिट्टीचा अर्थ ‘मजा संपली’ असा होतो. त्याऐवजी एका फेरीत दहादा बोलवावे, खाऊ द्यावा आणि ‘जा’ म्हणून परत सोडून द्यावे. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेले तत्त्व हेच आहे: जे काम प्राण्याला मनापासून आवडते तेच नावडत्या कामाचे बक्षीस म्हणून वापरता येते. पुन्हा हुंगायला जायची परवानगी ही कुत्र्याला बांगड्याइतकीच प्रिय असते.

पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असताना सावलीसारखे मागे फिरते, त्यावर विश्वासू नये. सहा-आठ महिन्यांत तेच पिल्लू बहिरे झाल्यागत वागू लागते. इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठ महिन्यांचे कुत्रे पाच महिन्यांच्या मानाने आपल्या मालकाची आज्ञा कमी पाळतात, परक्याची मात्र पाळतात, असे आढळले. घरात सोळा वर्षांचा मुलगा असलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. या काळात दोरी पुन्हा बांधावी, म्हणजे दिवस निघून जातात.

किनाऱ्यावर वाऱ्याचा विचार करावा. दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून येतात. कुत्रा पाण्याच्या बाजूला आणि आपण सुरूच्या बनाकडे असलो, तर हाक वाऱ्याविरुद्ध जाते आणि लाटांच्या गाजेत विरते. अशा वेळी आपण पाण्याच्या बाजूने चालावे.

काही ठिकाणी मात्र कितीही शिकलेला कुत्रा मोकळा सोडू नये. वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि ती उकरून खायला कुत्र्याला काही मिनिटे पुरतात. हाक तिथे उशिराच पोचणार. आंबोलीत गव्यांचा वावर आहे. गव्यावर भुंकून पिसाळवलेला कुत्रा पळून येतो तो थेट मालकाच्या पायांशी, आणि त्याच्यामागून गवा; म्हणजे इथे कुत्र्याचे हाकेला येणेही कामाचे नाही. तिथे साखळीच बरी.

घरी आल्यावर कुत्र्याचे कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचिड्या काढाव्या. २०१६ साली दोडामार्ग भागात माकडतापाची साथ आली होती, आणि तो ताप गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. गोचिडी चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये.