तारेची पेटी कशी केली

मित्रमैत्रिणींनो, आणि भिंतीपाशी उभे राहून वाचणाऱ्या पालकांनो, मागच्या शनिवारी परिपाठाला मी एक वाद्य वाजवले. तेव्हापासून सगळे विचारतात, "कुठून आणलंस? केवढ्याला मिळालं?" ते विकत आणलेले नाही. सुतारमामांच्या मदतीने मी ते केले आहे. कसे केले ते लिहिते. पण आधी आबांच्या तुणतुण्याचे सांगावे लागेल, कारण ते माझ्यामुळे फुटले.

आमचे आबा तरुणपणी शाहिराच्या फडात झीलकरी होते. शाहीर पुढे उभा राहून पोवाडा म्हणतो. मागे उभे राहून जे 'जी जी' करून सूर धरतात ते झीलकरी. आबांच्या हातात तुणतुणे असायचे. तुणतुणे म्हणजे लाकडाचे पोकळ नळकांडे. त्याच्या खालच्या तोंडाला चामडे लावलेले असते आणि वरचे तोंड उघडे असते. बाजूला एक काठी असते. चामड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यातून तार ओवतात. ती नळकांड्यातून वर येते आणि काठीच्या खुंटीला गुंडाळतात. तारेला टिचकी मारली की तार चामड्याला ओढते आणि सोडते, म्हणून चामडे थरथरते आणि तुणतुण आवाज येतो. सूर एकच, पण गाणाऱ्याला तोच लागतो, म्हणजे तो भरकटत नाही.

पावसाळ्यात मी ते ओसरीत वाजवायला घेतले आणि तिथेच विसरून झोपायला गेले. रात्रभर पागोळ्या त्याच्यावर पडल्या. सकाळी लख्ख ऊन होते. मी कुणाला न सांगता ते पत्र्यावर वाळत ठेवले. दुपारी 'कट्' असा आवाज आला. लाकूड वरपासून खालपर्यंत चिरले होते. सुतारमामा म्हणाले, ओले लाकूड फुगते आणि वाळताना आक्रसते. कडक उन्हात बाहेरची बाजू भराभर वाळते, आतली ओलीच राहते. मग बाहेरच्या बाजूला ताण पडून ती तडकते. सावलीत चार-आठ दिवस ठेवले असते तर वाचले असते.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. जेवण झाल्यावर ते रोज थोडा वेळ तुणतुणे छेडत गुणगुणायचे, ते बंद झाले. नुसते गुडघ्यावर हात ठेवून बसायचे.

सुतारमामांनी चिरेत भुसा आणि सरस भरून पाहिला. आवाज फट् फट् यायचा. नवे नळकांडे करायचे तर लाकडाचा एकच ओंडका आतून कोरायला लागतो. मामा दारे, खिडक्या आणि बाजा करतात. ते म्हणाले, "हे कोरायचं काम माझं न्हवं, पोरी. मला फळ्या जोडायच्या सांग."

मी फुटके तुणतुणे शाळेत आणले तेव्हा गुरुजींनी मोबाईलवर एक चित्र दाखवले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. एडविन फोर्ब्स नावाचा चित्रकार तेव्हा सैन्याबरोबर राहून चित्रे काढत होता. पुढे १८७६ साली त्याने छापलेल्या एका चित्रात छावणीतला सैनिक तारेचे वाद्य वाजवतो आहे, आणि त्याचे पोट म्हणजे चक्क सिगारचे खोके आहे! सिगार म्हणजे जाड मोठी विडी. त्या काळी तिकडे सिगार लहान लाकडी पेट्यांतून विकत. पेटी रिकामी झाली की गरीब माणसे तिला काठी आणि तार लावून गिटार, फिडल करत. लाइटनिंग हॉपकिन्स हे टेक्सासचे मोठे गवई. त्यांनीसुद्धा आठ वर्षांचे असताना पहिली गिटार सिगारच्या पेटीची केली असे सांगतात. मी दहा वर्षांची आहे. आमच्या दुकानात विड्यांचे कागदी बंडल मिळते, त्याची गिटार कशी होणार?

म्हणून आधी मी घरात जे सापडले ते लावून पाहिले. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्याला तार ताणली, तर खोकेच दुमडले. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा आवाज मोठा आला, पण तो ऐकून आमचे कुत्रे उठून गेले. आबा म्हणाले, "ही तार न्हवं, थाळी वाजतीया." तेव्हा ठरवले, आपल्याला पाहिजे त्या मापाची लाकडाचीच पेटी करायची.

आता पेटी कशाला लागते ते सांगते. नुसती तार दोन खिळ्यांना ताणून भिंतीवर छेडा. कान लावला तरच ऐकू येईल. तार बारीक असते, ती हलताना हवेला कापत जाते, पण हवा फारशी ढकलली जात नाही. तीच तार एका छोट्या लाकडावरून नेली आणि ते लाकूड पातळ फळीवर ठेवले, की तारेची थरथर फळीत उतरते. फळी रुंद असते, ती पुष्कळ हवा ढकलते. त्या छोट्या लाकडाला घोडी म्हणतात. तुणतुण्याला घोडी नसते, तिथे तार सरळ चामड्यालाच ओढते. आमच्या पेटीत चामडे नाही, म्हणून घोडी पाहिजे.

पाण्याची मोटार ज्या खोक्यातून आली होती त्याच्या फळ्या मामांकडे पडून होत्या. त्यांनी रंधा मारून त्या १ सेंमी जाड केल्या. पेटी बाहेरून २४ सेंमी लांब, १८ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच करायची ठरली. मी लगेच २४ च्या दोन आणि १८ च्या दोन फळ्या कापल्या. जोडल्यावर पेटी २० सेंमी रुंद झाली! कारण आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये बसतात. दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी १ अधिक १ म्हणजे २ सेंमी, ती वजा करायला मी विसरले होते. आखूड फळ्या १६ च्याच पाहिजेत. मामा हसले नाहीत. म्हणाले, "मी पण पहिल्या खिडकीला हेच केलं होतं."

कोपरे गुण्या लावून तपासायचे. काटकोन नसेल तर झाकण एका कोपऱ्यात उचलून राहते. आतून प्रत्येक कोपऱ्यात छोटा ठोकळा चिकटवला. सरस वाळेपर्यंत फळ्या घट्ट धरून ठेवायला सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी चौफेर आवळून गुंडाळली आणि रात्रभर तशीच ठेवली.

काठी सागवानाची, ७६ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद. ती पेटीला नुसती बाहेरून चिकटवायची नाही. तार घट्ट केली की काठी पुढे ओढली जाते आणि सांधा उखडतो. म्हणून दोन्ही आखूड फळ्यांना वरच्या कडेला खाचा पाडल्या आणि काठी एका खाचेतून आत, दुसरीतून बाहेर नेली. तारेचा ओढा सगळा काठीवर येतो. त्यामुळे झाकण पातळ ठेवता येते. हे मला सगळ्यात आवडले.

झाकण मात्र तीनदा करावे लागले. मामांचा नियम आहे, आधी चुका मारून ऐकायचे, मग सरस लावायचा. पहिले झाकण बाजूच्या फळीचेच, १ सेंमी जाड होते. तार छेडली तर ठप्. जणू उशीवर मारले. एवढी जाड फळी हलवायला एक तार पुरत नाही. दुसरे झाकण ३ मिमी प्लायवूडचे केले. आवाज वाढला, पण दबलेलाच होता. मामांनी झाकणावर बोटाने टिचक्या मारत नेल्या. कडेला टक्, मध्ये आले की पुन्हा टक्. मध्ये तर टम् यायला पाहिजे. आत काठी झाकणाला टेकली होती! ढोलकीवर तळहात ठेवून ढोलकी वाजवल्यासारखे झाले होते. झाकण काढून पेटीच्या आतला काठीचा भाग पटाशीने ४ मिमी खाली तासला. मी तासला, मामांनी नुसते मनगट धरले होते. दुसऱ्या झाकणाच्या चुका काढताना त्याचा कोपरा फाटला, म्हणून तिसरे कापले. त्यात पाच रुपयांच्या नाण्याएवढी दोन भोके पाडली. त्यांतून आतली हवा आत-बाहेर करते. वाजवताना भोकांवर तळहात ठेवून बघा, आवाजातला घुमारा कमी होतो.

खुंटी बाभळीची आहे. ती सारखी घसरायची आणि सूर उतरायचा. आबांनी सांगितले, खडू लाव. फळ्यावर लिहायचा खडू खुंटीला चोळला आणि ती धरून राहिली. (गुरुजी, एक तुकडा मी न विचारता घेतला होता.)

तारेसाठी आधी सायकलच्या ब्रेकच्या वायरीतला एक पदर काढला. तो पिळाचा असल्यामुळे सरळ होईना, आणि वाजताना झिर्र करायचा. मग आबा मला एस.टी.ने मिरजेला घेऊन गेले. मिरजेत सतारी आणि तंबोरे करतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिथे कारागिरांची पेटी म्हणजे भोपळा! खायचा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांतून तो येतो, वाळवतात आणि कापतात. दांडीसाठी तूण नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. शाळेत आल्यावर गुरुजींनी सांगितले की अमेरिकेतल्या सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या करत ते झाड आणि आपले तूण जवळचे नातलग आहेत, आणि दोन्ही कडुनिंबाच्या कुळातली आहेत. म्हणजे शाळेपुढचा कडुनिंबसुद्धा त्यांचा भाऊबंद झाला.

आता सूर. घोडीपासून खुंटीकडच्या बांबूच्या पट्टीपर्यंत मोकळी तार ६० सेंमी आहे. ती वाजते तो सा धरला. बरोबर अर्ध्यावर, म्हणजे ३० सेंमीवर दाबले की वरचा सा येतो. तारेचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे ४० सेंमी वाजता ठेवला की प येतो. तीन चतुर्थांश, ४५ सेंमी ठेवला की म येतो. चार पंचमांश म्हणजे ४८ सेंमी ठेवला की ग. अपूर्णांकांच्या चाचणीत मला दहापैकी चार गुण होते. आता कोणीही विचारा.

या जागांवर जाड नायलॉनचा दोरा काठीभोवती आवळून बांधला. सतारीला असतात तसे हे पडदे झाले. माप अगदी बरोबर होते, तरी आबांनी मान हलवली. म्हणाले, "पंचम चढा लागतोय." मी पट्टी लावून पुन्हा मोजले. चूक नव्हती. मग आम्हाला कळले की दाबताना तार खाली ओढली जाऊन किंचित ताणली जाते, म्हणून सूर जरासा चढतो. घोडी चिकटवलेली नाही, ती तारेच्या दाबानेच उभी आहे. ती ३ मिमी मागे सरकवली, तेव्हा आबांनी डोळे मिटले.

शेवटी तळ चिकटवला आणि भुणभुण सुरू झाली. कुठून येते ते कळेना. तार वाजवत एकेक कोपरा अंगठ्याने दाबत गेले. डावीकडचा खालचा कोपरा दाबला की भुणभुण थांबायची. तिथे सरस पोचला नव्हता. काडीने सरस भरला, पुन्हा ट्यूब आवळली.

पेटी झाल्यावर आबांच्या मांडीवर ठेवली. मला वाटले ते पडदे दाबून बघतील. त्यांनी एकही पडदा दाबला नाही. नुसती मोकळी तार छेडत राहिले, तुणतुण्यासारखी, आणि थोड्या वेळाने गुणगुणू लागले. आई चुलीपुढून उठून दारात आली.

मग आबा म्हणाले, "आवाज गोड हाय, पण गळा जरा बारीक हाय हिचा." पेटीतली हवा जास्त असली तर आवाज आणखी खोल येतो. म्हणून पुढची पेटी ८ सेंमी उंच करणार आहे. फळ्या शिल्लक आहेत. ज्यांना करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी सुतारमामांच्या छपरात यावे, येताना सायकलची जुनी ट्यूब आणावी.

ही पेटी शुक्रवारपर्यंत वर्गात गुरुजींच्या टेबलावर आहे. पालकांनीही वाजवून बघावी. खुंटी मात्र पिळू नये, आणि पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. शुक्रवारी संध्याकाळी मी ती घरी नेणार आहे, आबांना पाहिजे आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी