गावरान, बॉयलर आणि रानकोंबडा : चरबीचा आनुवंशिक हिशेब

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या बाजारांत कोंबडीचे दोन भाव शेजारी शेजारी चालतात. एक बॉयलरचा, म्हणजे मांसासाठी पैदास केलेल्या ब्रॉयलर पक्ष्याचा, आणि दुसरा त्याहून बराच चढा, गावरानचा. या फरकाचे समर्थन करताना चव आणि मांसाचा घट्टपणा यांच्या जोडीने हटकून सांगितले जाणारे कारण म्हणजे गावरान कोंबडीत चरबी नसते, आणि ती नसते कारण तिचे रक्तच वेगळे. हे विधान आनुवंशिकीचे आहे, आणि गेल्या सहा-सात दशकांत कोंबडीच्या चरबीवर जगभर झालेल्या कामाच्या कसोटीवर ते लावून पाहिले तर त्याचा अर्धा भाग टिकतो आणि अर्धा ढासळतो.

कोंबडीची चरबी प्रामुख्याने कातडीखाली, स्नायूंच्या मधल्या जागेत आणि पेट्यापासून गुदद्वारापर्यंत पसरलेल्या पोटातील गादीत साठते. यांपैकी शेवटची, म्हणजे उदरचरबी, मोजायला सोपी असल्यामुळे संशोधकांचा भर तिच्यावर राहिला आहे. डुकरासारख्या प्राण्यात नवी चरबी मुख्यतः चरबीच्या पेशींमध्येच तयार होते, तर पक्ष्यांमध्ये हे काम बहुतांशी यकृत करते : धान्यातील पिष्टाचे तेथे मेदाम्लांत रूपांतर होते, ही मेदाम्ले अतिशय हलक्या मेदप्रथिनकणांत भरून रक्तात सोडली जातात आणि चरबीच्या पेशींजवळील लायपोप्रोटीन लायपेज हे विकर ती कणांतून सोडवून पेशींच्या हवाली करते. कोंबडी चरबीदार होणे म्हणजे ही वाहतूक वाढणे, आणि या साखळीतील जवळपास प्रत्येक कडीवर जनुकांचा हात पोहोचतो. वयाचा हात मात्र त्याहून लांब आहे, कारण पहिल्या काही आठवड्यांत चरबीच्या पेशींची संख्या वाढते, नंतर त्या फुगत जातात, आणि अंड्यांवर आलेल्या मादीत इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे बलकासाठी लागणारी चरबी यकृत जोराने बनवू लागते. तलंगेत न दिसणारा पिवळा गोळा अंड्यांवरच्या जुन्या गावरान कोंबडीच्या पोटात सापडतो तो यामुळेच, आणि ‘गावरानला चरबी नसते’ या समजाला पहिला धक्का शास्त्रज्ञ नव्हे, तर कोंबडी साफ करणारे हातच देतात.

एकाच वयाच्या आणि एकाच खाद्यावर वाढवलेल्या पक्ष्यांमध्ये जो फरक उरतो, त्यातील जनुकांच्या वाट्याला आनुवंशिकता गुणांक म्हणतात. उदरचरबीसाठी तो बहुतेक अभ्यासांत ०.५ ते ०.८ असा, म्हणजे पशुपैदाशीतील गुणांच्या मानाने बराच वरचा आढळतो. बॉयलर चरबीदार झाला तो मात्र कोणी चरबी मागितली म्हणून नव्हे. पैदासकारांनी वजन मागितले, आणि वजन व चरबी यांच्यामागील काही जनुके सामाईक असल्यामुळे चरबी मागोमाग आली. कॅनडातील अल्बर्टा येथे १९५७ सालच्या, निवड थांबवून जपलेल्या वाणाची आणि २००५ सालच्या व्यापारी बॉयलरची सारख्याच खाद्यावर तुलना करण्यात आली, तेव्हा ५६व्या दिवशी पहिल्याचे वजन सुमारे ९०५ ग्रॅम आणि दुसऱ्याचे ४,२०२ ग्रॅम भरले. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये पॉल सीगल यांनी १९५७मध्ये एकाच मूळ कळपातून आठ आठवड्यांच्या वजनावर जड आणि हलका असे दोन वंश निवडायला घेतले, आणि सुमारे पन्नास पिढ्यांनंतर त्यांच्यातील अंतर दहा पटींच्या पुढे गेले; जड वंशाला लठ्ठपणापासून वाचवण्यासाठी खाद्य मोजून द्यावे लागते, तर हलक्या वंशातील काही पिले चोचीत दाणाच घेत नाहीत. वाढीची निवड ही मुळात भुकेचीही निवड असते, हे या प्रयोगाने जितके उघड केले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

तरीही वजन आणि चरबी यांची ताटातूट अशक्य नाही. फ्रान्समध्ये लेक्लेर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराचे वजन सारखे राखून केवळ उदरचरबीवर निवड केली, आणि काही पिढ्यांतच एका वंशाची चरबी दुसऱ्याच्या तीन-चार पट झाली. चीनमधील हार्बिन येथील ईशान्य कृषी विद्यापीठात १९९६पासून असेच दोन वंश चालवले गेले आहेत. त्यांच्या जनुकसंचांची तुलना करताना झेड या लिंग-गुणसूत्रावर, पीसीएसके१ या जनुकाच्या परिसरात, निवडीची ठळक खूण आढळली. हे जनुक अपक्व संप्रेरकांना कापून कार्यक्षम करणारे विकर घडवते, आणि माणसात ते बिघडले तर लहानपणीच तीव्र लठ्ठपणा येतो. मात्र अशा एखाद्या जनुकावर सगळा भार टाकणे चुकीचे ठरेल, कारण चरबी हा शेकडो ठिकाणच्या लहान लहान प्रभावांनी घडणारा गुण आहे. कोंबडी उत्पादनाच्या खर्चात दोनतृतीयांशाच्या आसपास वाटा खाद्याचा असतो आणि पोटातील चरबी म्हणजे वाया गेलेले खाद्य, या हिशेबामुळे पैदास कंपन्यांनी पुढे खाद्याचे मांसात किती रूपांतर होते यावर निवड सुरू केली, आणि आजच्या बॉयलरची उदरचरबी जिवंत वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आली. म्हणजे ज्या बॉयलरला चरबीचा गोळा म्हणून हिणवले जाते, त्याच्यावर चरबी कमी करण्याची जितकी पद्धतशीर निवड झाली तितकी कोणत्याही गावरान कोंबडीवर झालेली नाही.

कोंबडीच्या वंशाचा विचार करताना चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे स्थान विशेष महत्त्वाचे ठरते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्याचा पट्टा हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य आणि पूर्व भारतातून साधारण गोदावरीपर्यंत उतरतो, राखी रानकोंबड्याचा पट्टा दक्षिण व पश्चिम द्वीपकल्पातून वर चढतो, आणि ताडोबापासून सिरोंचाजवळच्या प्राणहिता-गोदावरी संगमापर्यंतचा मुलूख हे पट्टे जेथे जवळ येतात त्या भागात मोडतो. २००४मध्ये वाचला गेलेला कोंबडीचा पहिला जनुकसंच लाल रानकोंबडीचाच होता. परंतु २००८मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी दाखवून दिले की अनेक पाळीव जातींची पिवळी कातडी लाल पूर्वजाकडून आलेली नसून राखी रानकोंबड्याशी झालेल्या संकरातून आलेली आहे. बीसीओ२ हे जनुक पिवळी रंगद्रव्ये तोडणारे विकर बनवते. पिवळ्या कातडीच्या पक्ष्यात या जनुकाचे कातडीतील काम मंदावलेले असते, त्यामुळे हिरवा पाला आणि मका यांतून आलेला रंग तेथे साठत जातो. गिऱ्हाईक मात्र पिवळेपणा हीच अस्सल गावरानची खूण मानते. तो प्रत्यक्षात सांगतो एवढेच की पक्ष्याला विशिष्ट जनुक मिळाले आहे आणि त्याच्या चाऱ्यात रंगद्रव्य आहे. चरबी किती, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. पिवळ्या कातडीचे जनुक असलेली कोंबडीही निव्वळ तांदळाच्या कणीवर वाढली तर फिकी पडते, आणि हा सारा मुलूख धानाचा आहे.

गावरान कोंबडीचा सडपातळपणा तिच्या जगण्यातूनही येतो. कोंडा, कणी, वाळवी, किडे आणि गवताचे बी वेचत दिवसभर हिंडणाऱ्या पक्ष्याकडे साठवण्याजोगी ऊर्जा फारशी उरत नाही. ती वजनाला हळू भरते कारण वेगाची निवड तिच्यावर कधी झालीच नाही. हे खरोखर रक्तातले आहे, आणि वर म्हटलेला विधानाचा टिकणारा अर्धा भाग तो हाच. स्थानिक पैदाशीत काटेकोर निवड झाली असेल तर ती झुंजीच्या कोंबड्यांवर. असील जातीच्या नरांची बळ, चपळाई आणि आक्रमकता यांवरची पारख कोंबडबाजारात होते, जेथे पायाला काती बांधून कोंबडे लढवले जातात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा प्रकार गुन्हा ठरवला आहे, आणि तो क्रूर आहेच. पण जिंकलेल्या कोंबड्याची पिले मागून नेण्याच्या या रिवाजातून स्नायूंना झुकते माप देणारी निवड पिढ्यान्‌पिढ्या होत आली, हे पैदासशास्त्राच्या नजरेतून सुटू नये.

कडकनाथ या काळ्या कोंबड्याची गोष्ट वेगळी, आणि थोडी जाहिरातीची आहे. त्याच्या भौगोलिक मानांकनासाठी मध्य प्रदेशातील झाबुआ आणि गडचिरोलीच्या पूर्वेकडील बस्तर भागातले दंतेवाडा यांच्यात चुरस झाली आणि २०१८मध्ये मान झाबुआला मिळाला. त्याचा काळेपणा विसाव्या गुणसूत्रावरील एका तुकड्याच्या दुबार होण्यामुळे येतो. त्या तुकड्यातील ईडीएन३ हे जनुक रंगपेशींची वाढ घडवते, आणि त्याचा चरबीशी संबंध नाही. कडकनाथात चरबी एक टक्का आणि इतर कोंबड्यांत तेरा ते पंचवीस टक्के, हा सर्वत्र फिरणारा आकडा एका बाजूला निव्वळ मांस आणि दुसऱ्या बाजूला बहुधा कातडीसह पक्षी ठेवून केलेली तुलना दिसते; कारण कातडी काढलेल्या बॉयलरच्या छातीच्या मांसातही चरबी एक ते तीन टक्क्यांच्याच घरात असते.

उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर नेणाऱ्या चंद्रपुरात या हिशेबाला आणखी एक पदर जोडला जातो. सततच्या उष्णतेत बॉयलर कमी खातो, तरी प्रथिनांची बांधणी मंदावल्यामुळे त्याच्या शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. उघड्या मानेच्या कोंबड्यांमध्ये तिसऱ्या गुणसूत्रावरील एका बदलामुळे पिसारा कमी असतो, जनुकाची एक प्रत असल्यास सुमारे एकपंचमांशाने आणि दोन असल्यास त्याच्या दुपटीने. शरीरातील उष्णता सहज बाहेर पडत असल्यामुळे त्या उन्हातही वाढ टिकवून धरतात.

परसबागेसाठी सुधारित पक्षी पुरवण्याच्या धोरणाने या सगळ्यात नवी जनुके आणली आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा वनराजा आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराजा हे गावठी पक्ष्यापेक्षा वेगाने वाढतात, पण कोंडा-कणीवर सोडल्यास अपेक्षित वजन गाठत नाहीत आणि मक्याच्या खाद्यावर कोंडून ठेवल्यास पोटात चरबी धरतात. वनराजाची मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणून तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवून उबवावी लागतात, आणि त्याच आवारात गावठी कोंबडाही फिरत असतो. अशा मिश्र पिलांना बाजारात गावरान म्हणूनच भाव मिळतो. त्यांच्यातील किती चरबी वंशाची आणि किती चाऱ्याची, हे सांगायचे तर ती पिले बॉयलरबरोबर एकाच खाद्यावर, एकाच वयापर्यंत वाढवून मोजावी लागतील.