कोंबडीच्या चरबीचा हिशेब

आळेफाट्याहून नारायणगावकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, टोमॅटो, द्राक्षे दिसतात आणि मधूनच पत्र्याच्या लांबलचक शेडी. जुन्नर-आंबेगावात आता बहुतेक शेडवाले कंपनीशी करार करतात. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि राबणे शेतकऱ्याचे. मंचरजवळचा माझा धाकटा भाऊ मात्र हट्टी. खाद्य तो स्वतःच तयार करतो: मका, सोयापेंड, खनिजे आणि थोडे तेल.

हे तेल कशासाठी, असे मी त्याला विचारले होते. पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅममधून चार किलोकॅलरी मिळतात, तेलातून नऊ. शिवाय तेल पचताना अंगात उष्णता कमी निर्माण होते. एप्रिल-मेच्या उन्हात पक्षी चोच उघडून धापा टाकतो, खाद्याला तोंड लावत नाही. तेव्हा थोड्या घासात जास्त ताकद हवी असते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी सोयातेल महागले. एका व्यापाऱ्याने स्वस्त चरबीचे डबे दिले, थिजलेल्या तुपासारखी घट्ट. भावाने ती पहिल्या दिवसापासून पिल्लांना घातली. आठवडाभरातच विष्ठा चिकट झाली, लिटर ओले झाले. वजनकाट्यावर बॅच हलकी भरली. त्या महिन्यात बँकेचा हप्ता चुकला आणि भावजयीच्या बांगड्या गहाण पडल्या.

तालुक्याच्या पशुवैद्यांनी कारण सांगितले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. पण आमच्या घरी ते बांगड्या गेल्यावर पोहोचले. पिल्लाच्या पोटात पहिले दोन-तीन आठवडे पित्त आणि मेद पचवणारे पाचकरस पुरेसे पाझरत नाहीत. सोयातेलासारखे पातळ, असंतृप्त तेल त्यातही बऱ्यापैकी शोषले जाते. घट्ट, संतृप्त चरबीतली आम्ले मात्र पित्तात नीट मिसळत नाहीत. आतड्यातल्या कॅल्शियमशी ती जुळतात आणि त्यांचा न विरघळणारा साबण होतो. म्हणजे पैसे दिले चरबीचे, आणि शेडमध्ये पडला साबण! त्याबरोबर हाडांना लागणारे कॅल्शियमही गेले.

पक्षी मोठा झाला की ही अडचण कमी होते. घट्ट चरबीत थोडे पातळ तेल मिसळले, तर पातळ तेल घट्टालाही सोबत नेते, एकट्याने गेली असती त्यापेक्षा जास्त. भाऊ आता तसेच करतो. पिल्लांना फक्त सोयातेल, पुढे हवे तर मिश्रण. आणि डबा उघडल्यावर आधी वास घेतो. खवट तेल पक्ष्याची वाढ खुंटवते आणि खाद्यातले ई जीवनसत्त्वही खाऊन टाकते.

गोष्ट इथेच संपत नाही. कोंबडी जी चरबी खाते तिची छाप तिच्या मांसावर उमटते. सोयातेलावरच्या पक्ष्याची चरबी मऊ, लवकर वितळणारी. घट्ट चरबीवरच्याची टणक. आमच्या घरी रश्शावरच्या तवंगावरून भावजय ओळखते, कोणत्या बॅचचा पक्षी आहे! जवस खाऊ घातले तर मांसात ओमेगा-३ वाढते. मात्र प्रमाण सुटले की मांसाला माशासारखा वास येतो. पिवळ्या कातडीवर मात्र भुलू नये. तो रंग मक्याचा आणि हिरव्या पाल्याचा, चरबीच्या चांगुलपणाचा नव्हे.

१९७१मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने संघटित कुक्कुटपालनाचा पाया घातला. त्या वाटेने आपण फार पुढे आलो. तरीही शेडच्या दारात व्यापारी एकच प्रश्न विचारतो, ‘सरासरी वजन किती?’ काट्यावर पोटातली चरबी आणि छातीचे मांस एकाच भावाने जाते. पक्ष्याने काय खाल्ले, हे कोणी विचारत नाही. तुम्ही-आम्ही दुकानात एकदा विचारायला लागलो, तर भावासारख्यांच्या काळजीलाही बाजारात थोडी किंमत येईल.

बांगड्या गेल्या दिवाळीत सुटल्या. भावजय त्या घालून शेडवर येते आणि तेलाच्या डब्याचे झाकण आता तीच उघडते.