संख्यामालिकेतली गाळलेली संख्या कशी शोधायची?

कॅम्पस प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये मी एकाच संख्यामालिकेवर चार मिनिटं घालवली आणि पुढचे सोपे प्रश्न राहून गेले. ती नोकरी हुकली. तेव्हा हा क्रम माहीत असता तर!

उदाहरण: ३, ६, ११, १८, ?, ३८

१) आधी वजाबाकी करा. शेजारच्या संख्यांतला फरक ३, ५, ७ येतो, म्हणजे तो दोनने वाढतोय. पुढचा फरक ९, म्हणून उत्तर २७. आता पडताळा: २७ + ११ = ३८. जुळलं!

२) संख्या झपाट्याने वाढत असतील तर भागाकार करा. २, ६, १८, ५४ मध्ये प्रत्येक संख्या आधीच्या तिप्पट आहे.

३) तरी जमेना? एकाआड एक संख्या बघा. ५, २०, ७, १८, ९, १६ मध्ये दोन मालिका लपल्यात.

एक सावधानता: १, २, ४, ८, १६ नंतर ३२ च येईल असं नाही. वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना रेषांनी जोडले, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त इतकेच तुकडे पडतात. पण सहा बिंदूंना ३१! म्हणून पडताळणी सोडू नका. आणि एका मिनिटात सुटलं नाही, तर सरळ पुढच्या प्रश्नावर जा.