पेशीतील वीज तोडणारी रसायने

ठाण्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही भिवंडी तालुक्यातील गावे आता गोदामांची गावे म्हणून ओळखली जातात. त्याच रस्त्यावर गेल्या काही वर्षांत उंच निवासी इमारतीही उभ्या राहिल्या. त्यामुळे एकीकडे कापड, प्लास्टिक, धान्य आणि रसायनांचा साठा, तर दुसरीकडे गॅलरीत बसून चहा घेणारे निवृत्त आजी-आजोबा, असे शेजार तिथे सर्रास आढळते. या पट्ट्यातील गोदामांना आग लागल्याच्या बातम्या वारंवार येतात. धुराचा त्रास म्हटले की आपल्याला खोकला, दमा आणि डोळ्यांची जळजळ आठवते. परंतु धुरातील काही वायूंचा खरा घाव फुप्फुसांच्या पलीकडे, थेट पेशीच्या आत बसतो.

आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शालेय पुस्तकांतील तंतुकणिका, असतात. अन्नातील ऊर्जेपासून एटीपी हे इंधन तयार करणे हे त्यांचे मुख्य काम. शरीरात एटीपीचा साठा फार थोडा असतो. तो सतत खर्च होतो आणि सतत नव्याने बनतो. दिवसभरात असे बनलेले एटीपी मोजले तर ते जवळपास आपल्या वजनाइतके भरते. पुरवठा काही मिनिटे जरी थांबला, तरी सर्वांत आधी मेंदू आणि हृदय हतबल होतात.

हे काम चालते कसे, हे समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेता येईल. शहापूर आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवरील घाटघर प्रकल्पात खालच्या जलाशयातील पाणी पंपाने वरच्या जलाशयात चढवतात आणि ते खाली सोडून वीज निर्माण करतात. तंतुकणिकेच्या आतील पडद्यावरही असेच घडते. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका टप्प्याकडून पुढच्या टप्प्याकडे जातात. त्या प्रवासात मिळणाऱ्या ऊर्जेवर हायड्रोजनचे सूक्ष्म कण, म्हणजे प्रोटॉन, पडद्यापलीकडे चढवले जातात. ते परत येताना एक चिमुकले चक्र फिरवतात आणि एटीपी तयार होते. थकलेले इलेक्ट्रॉन शेवटच्या, म्हणजे चौथ्या टप्प्यावर प्राणवायूच्या स्वाधीन होतात. आपण श्वास घेतो तो मुख्यतः यासाठी.

सायनाइड नेमके या चौथ्या टप्प्यावर जाऊन बसते. लोकर, नायलॉन, अॅक्रिलिक, गाद्यांमधील फोम जळताना हायड्रोजन सायनाइड निर्माण होतो. त्याच्या सोबतीला कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट धरून ठेवतो आणि काही अंशी याच चौथ्या टप्प्यालाही अडवतो. कोंदट न्हाणीघरातील गॅस गीझर किंवा बंद खोलीतील शेगडी यांचा धोकाही हाच.

कोविडनंतर घरोघरी आलेले ऑक्सिमीटर येथे फसवते, हे काळजीवाहकांनी पक्के ध्यानात ठेवावे. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्या यंत्राला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते. सायनाइडच्या बाबतीत तर रक्तात प्राणवायू खरोखरच असतो, फक्त पेशीला तो वापरता येत नाही. बोटावरचे यंत्र ९८ दाखवत असताना माणूस गुदमरत असू शकतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, बोलण्यातील गोंधळ ही लक्षणे वृद्धांमध्ये ‘पित्त झाले’ किंवा ‘बीपी वाढले’ म्हणून सोडून दिली जातात. घरातील दोघातिघांना एकदमच त्रास होत असेल आणि मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटत असेल, तर वायूचाच संशय घ्यावा. सर्वांनी बाहेर पडावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात भरपूर प्राणवायू देतात. सायनाइडवर उतारा आहे, आणि तो ब जीवनसत्त्व १२चेच एक रूप आहे.

फॉस्फीनवर मात्र उतारा नाही. हा वायू धान्याच्या गोदामात कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून, हवेतील ओलाव्याने, सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. तोही तंतुकणिकेच्या चौथ्या टप्प्याला अडवतो आणि हृदयाच्या स्नायूला विशेष इजा करतो. प्रशिक्षित माणसांनी, नियम पाळून ही गोळी वापरावी असे कायदा सांगतो. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१पासूनच बंदी आहे. तरीही वर्षाचे गहू भरताना कुणीतरी ‘एक गोळी टाका, पोरकिडा लागणार नाही’ असे सुचवतो, किंवा उंदीर-ढेकणांसाठी ती पलंगाखाली ठेवली जाते. ही अत्यंत घातक सवय आहे. वायू भिंतीतील फटींतून, पाइपांच्या पोकळीतून शेजारच्या खोलीत पोहोचतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येईलच असे नाही. अशी गोळी सापडल्यास तिच्यावर पाणी टाकू नये. कडक उन्हात वाळवलेले धान्य, कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात ही आपल्या आजीची पद्धत येथे निःसंशय श्रेष्ठ आहे.

चौथा टप्पा सोडून थेट फिरते चक्रच अडवणारी रसायनेही आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्या हंगामात वापरलेल्या कीटकनाशकांत डायफेन्थियुरॉन होते. किडीच्या शरीरात त्याचे रूपांतर होऊन ते एटीपी बनवणाऱ्या चक्राला जखडते. फवारणीच्या मिश्रणांत मज्जासंस्थेवर आघात करणारी इतर औषधेही होती. म्हणून सारा दोष एकाच रसायनाच्या माथी मारता येत नाही. गावी शेती असलेल्या वाचकांनी एवढे पाहावे की फवारणीचे कपडे घरातील कपड्यांबरोबर धुतले जात नाहीत आणि रिकामे डबे पाण्यासाठी वापरले जात नाहीत.

आता थोडे आपल्या औषधाच्या डबीकडे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हेदेखील तंतुकणिकेच्या पहिल्या टप्प्याचे सौम्य अवरोधक आहे. हे वाचून कोणीही गोळी बंद करू नये! नेहमीच्या मात्रेत ते सुरक्षित असून कोट्यवधी लोक ते घेतात. त्याचे जहाल भावंड फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल साठवीत असल्यामुळे १९७०च्या दशकात अनेक देशांनी बाजारातून काढले. मेटफॉर्मिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. त्यामुळे वृद्धांनी क्रिएटिनीनची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने करावी. जुलाब-उलट्या होऊन शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर त्या दिवसांत गोळी चालू ठेवावी की थांबवावी हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. सीटी स्कॅनसाठी शिरेतून द्रव्य देणार असतील, तर मेटफॉर्मिन चालू असल्याचे तेथे आधीच सांगावे.